कॉबच्या भिंतींना सिमेंट नको

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील खेड्यांवरचा लेख वाचला. शाकारलेल्या घरांची छायाचित्रे देखणी आहेत. पण ‘मालकांनी सिमेंटचा गिलावा करून मातीच्या जुन्या भिंती वाचवल्या’ हे विधान वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. अशा भिंती ढासळण्याचे एक मोठे कारण तो गिलावाच असतो.

डेव्हनमध्ये या बांधकामाला ‘कॉब’ म्हणतात. वरची सुपीक माती बाजूला सारून खालची चिकण माती घ्यायची, गव्हाचे काड आणि पाणी घालून ती पायांनी किंवा बैलांकडून तुडवून घ्यायची. साचा लागत नाही. दीड-दोन फूट उंचीचा थर जोत्यावर रचायचा, कडा छाटायच्या, तो आवळेपर्यंत थांबायचे आणि मगच पुढचा थर चढवायचा. भिंतीची जाडी दोन ते तीन फूट. कोपरे मुद्दाम गोलसर ठेवतात, कारण धारदार कोपऱ्याला तडा लवकर जातो.

‘कॉबला चांगली टोपी आणि चांगले बूट हवेत’ अशी तिकडची जुनी म्हण आहे. बूट म्हणजे दगडी जोते. जमिनीची ओल आणि पावसाचे शिंतोडे ते अडवते. टोपी म्हणजे छप्पर. शाकारलेल्या छपराला सहसा पन्हळ नसते, म्हणून वळचण भिंतीपासून बरीच पुढे काढतात. उतार सुमारे ५० अंशांचा ठेवतात. तो कमी झाला की पाणी रेंगाळते आणि काड कुजते.

टोपी-बूट नीट असले तरी भिंतीत थोडी ओल असतेच. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडत राहते. सिमेंट मात्र ताठ. मातीच्या फुगण्या-आकसण्याबरोबर ते हलत नाही. त्याला केसासारख्या भेगा पडतात, त्यांतून पाऊस आत शिरतो आणि परतीची वाट बंद असल्याने पाणी खाली उतरून तळाशी साचते. तळची माती गाऱ्यासारखी मऊ झाली की वरचे वजन तिला पेलत नाही. पडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बाहेरून गिलावा धडधाकट दिसतो, म्हणूनच हा दोष घातक. जोत्याच्या वर फूट-दोन फुटांवर भिंत फुगलेली दिसली, ठोकल्यावर पोकळ वाजली, तर तिथे आधी टेकू द्यावा. फुलझाडांचे वाफे किंवा रस्त्याचा भराव जोत्याच्या वर चढला असेल तर तोही उतरवावा लागतो. मात्र पाया उघडा पडेल इतके खणू नये.

दुरुस्ती घाईने होत नाही. सिमेंट हातोडी-छिन्नीने, एकेका लहान भागात काढायचे. यंत्राच्या हादऱ्याने मातीही सोलून येते. मग भिंत आपोआप वाळू द्यायची. त्याला अनेक महिने लागतात, आणि हीटर लावून वाळवली तर तडे जातात. पोकळ्यांत ओला कॉब भरू नये, तो आकसून सुटतो; त्याच मातीच्या उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा मातीच्याच लुकणात बसवाव्यात. गिलाव्याला एक भाग चुना, सुमारे तीन भाग वाळू आणि जनावराचे केस. गोठवणाऱ्या थंडीत चुना धरत नाही, तेव्हा हे काम उन्हाळ्यातले. शेवटी दुधासारख्या पातळ चुन्याचे चार-पाच हात, प्रत्येक हाताआधी भिंत ओली करून. प्लास्टिक पेंट अजिबात नको.

वेब्लीसारख्या हेरफर्डशायरमधल्या गावांतील लाकडी चौकटीच्या घरांनाही हाच नियम लागू आहे. त्यांच्या चौकटींत हेझलच्या काटक्या विणून त्यावर माती, काड, शेण लिंपलेले असते. कोकणातला कारवीचा कूड ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तिथे सिमेंट भरले की ओल ओकच्या लाकडात कोंडते आणि सांधे कुजतात.

अशा घरांपैकी अनेक घरे संरक्षित यादीत आहेत. तिथे विनापरवाना फेरबदल करणे हा फौजदारी गुन्हा आहे, म्हणून गिलावा काढण्यापूर्वीही स्थानिक कौन्सिलच्या वारसा अधिकाऱ्याला विचारावे लागते. लेख वाचून तिकडे घर घेऊ पाहणाऱ्या एखाद्या वाचकाने सिमेंटची गोणी आणू नये, यासाठी ही दुरुस्ती पुढील अंकात ठळकपणे छापावी, ही विनंती.

– एक वास्तुसंवर्धक, सातारा