मुंबई-न्यूयॉर्क: किलोमीटर बरोबर, तास चुकीचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांच्या तोंडावर प्रवास पुरवण्यांत परदेशी शहरांची अंतरं आणि विमानाचे तास छापून येतात. मुंबई-न्यूयॉर्कसमोर बहुतेक वेळा 'साडेबारा हजार किमी, १४ तास' असं असतं. अंतर ठीक आहे. १४ तास मात्र अंतराला ताशी ९०० किमीने भागून काढलेले असतात. त्या भरवशावर कोणी पुढचं विमान किंवा विमानतळावरची गाडी ठरवली तर पंचाईत होते.

घरी पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा. सपाट नकाशा पाहून वाटतं तसा तो अरबस्तान आणि भूमध्य समुद्रावरून जात नाही. सिंध, तुर्कमेनिस्तान, मॉस्कोचा परिसर, नॉर्वे, आइसलँड असा तो उत्तरेकडून वळतो. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर तो साडेएकोणतीस सेंमी भरतो. एका सेंमीला सुमारे ४२५ किमी धरले की १२,५४० किमी. हेच अंतर ६,७७० सागरी मैल होतं. सागरी मैल १.८५२ किमीचा असतो. त्याला साधा मैल समजून १.६ ने गुणलं की सोळाशे-सतराशे किमी गायब होतात, आणि ही चूक छापील तक्त्यांतही सापडते.

प्रत्यक्षात विमान या दोऱ्यावरून जाईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा पहिलाच टप्पा वळवावा लागला.

त्यात वारा. दहा-बारा किमी उंचीवर जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, आणि हिवाळ्यात त्याचा जोर जास्त असतो. वाटेत सरासरी ६० किमीचा वारा धरला तर जाताना वेग ८४० होतो आणि जवळपास १५ तास लागतात. येताना ९६० होतो आणि १३ तासांत काम होतं. शिवाय वेळापत्रकातला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी विमान रांगेत थांबतं. हे सगळं धरून जाताना १६ तासांच्या आसपास मानावेत.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. समजा, विमान मुंबईहून रात्री १.३० ला सुटून त्याच दिवशी सकाळी ७.३० ला पोचतं. दिसतात सहा तास. अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना त्यात साडेनऊ मिळवायचे, म्हणजे साडेपंधरा. हिवाळ्यात साडेदहा मिळवायचे. हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. येताना हेच तास वजा करायचे. वेळेवर औषधं घेणाऱ्या ज्येष्ठांनी तर घड्याळ न बघता हे खरे तास मोजावेत, आणि डोसचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

मध्ये थांबल्याने अंतर फार वाढत नाही: लंडनमार्गे सुमारे २०० किमी, दुबईमार्गे ४०० किमी. अशा प्रवासाचे २० ते २४ तास होतात ते मुख्यतः विमानतळावर बसून राहिल्यामुळे. म्हणून पुढच्या पुरवणीत अंतरासोबत जातानाचे तास, येतानाचे तास आणि दोन्ही ऋतूंतला वेळेचा फरक वेगवेगळा छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डोंबिवली