सीडीआर, लफडं आणि खुनाच्या बातम्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही आठवडे तुमच्या पेपरात त्या नवऱ्याच्या खुनाच्या खटल्याच्या बातम्या येतायत आणि मी त्या रोज वाचतो, खोटं कशाला सांगू, पेपर आला की आधी तेच पान उघडतो. बायको आणि तिचा 'प्रियकर' दोघं आरोपी, त्या रात्री दोघांच्यात झालेले कॉल हा मुख्य पुरावा, आणि परवा तर तुम्ही 'मोबाईलनेच फोडलं बिंग' असा मथळा देऊन मोकळे झालात. खटला अजून चालू आहे हो! मी निवृत्तीआधी एका मोबाईल कंपनीत नोडल ऑफिसच्या कामाला होतो, म्हणजे पोलिसांचं पत्र आलं की सीडीआर (एखाद्या नंबरवरच्या कॉलची नोंद) काढून द्यायचा आणि समन्स आलं की कोर्टात जाऊन हा आमच्याच सिस्टीममधून निघालाय असं सांगायचं, म्हणून हे लिहावंसं वाटलं. आरोपी निर्दोष आहेत असं माझं म्हणणं अजिबात नाही. मला त्यातलं काही माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही.

सीडीआर म्हणजे लोकांना वाटतं की दोघं काय बोलले ते सगळं त्यात असतं. तसं काही नसतं. एक्सेलचं शीट असतं, एका ओळीत ज्याचा रेकॉर्ड काढलाय तो नंबर, समोरचा नंबर, तारीख, वेळ, किती सेकंद, कॉल आला की केला की एसएमएस होता, कॉल सुरू झाला तेव्हाचा सेल आयडी (म्हणजे कुठल्या टॉवरची कुठली अँटेना), संपला तेव्हाचा सेल आयडी, मग हँडसेटचा आयएमईआय आणि सिमचा आयएमएसआय नंबर. संपलं. माणसाचं नाव त्या ओळीत कुठेच नसतं, नाव वेगळ्या कागदावर असतं, सिम घेताना भरलेल्या फॉर्मवर, आणि ते सिम आपल्याकडे भावाच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर निघणं किती कॉमन आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. व्हॉट्सॲपवरून केलेला कॉल तर त्यात कॉल म्हणून दिसतच नाही, फक्त डेटा वापरलेला दिसतो. म्हणजे आजकाल ज्यांचं खरंच लपूनछपून चाललेलं असतं त्यांचं निम्म्याहून जास्त बोलणं त्या शीटच्या बाहेरच राहत असणार.

टॉवरचंही तेच. 'आरोपीचं लोकेशन घटनास्थळी' असं छापून येतं तेव्हा मला हसू येतं. टॉवर लोकेशन म्हणजे त्या टॉवरच्या एका बाजूच्या अँटेनाच्या टप्प्यात तो फोन होता एवढंच, शहरात हा टप्पा काहीशे मीटरचा असेल, गावाकडे काही किलोमीटर, आणि फोन जवळचाच टॉवर पकडेल असंही नाही, जवळच्यावर लोड असला किंवा तो बंद असला की लांबचा पकडतो, उंच बिल्डिंगमध्ये तर कुठला पकडेल सांगता येत नाही. त्यात आरोपी राहतो त्याच गल्लीत खून झाला असेल तर लोकेशन तिथलं येणारच ना, तो रोजच तिथे असतो. आता उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील हेच विचारतो. आरोपी तिथे होता असं तुम्ही सांगू शकता का? नाही, नंबर होता. फोन कोणाच्या हातात होता? सांगू शकत नाही. काय बोलणं झालं? सांगू शकत नाही. चार-पाच प्रश्नांत आमची साक्ष आटपायची आणि दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं 'कॉल रेकॉर्डने आरोपींना अडकवलं', त्या चार-पाच प्रश्नांचा पत्ताच नाही.

पण मला जे मुख्य सांगायचंय ते वेगळंच आहे. सरकारी वकील म्हणतात दोघांचं लफडं होतं म्हणून खून केला, आणि दोघं त्या रात्री तासभर फोनवर होते म्हणून कट शिजला. वाचायला बरोबर वाटतं. पण जरा थांबून बघा, लफडं होतं हे एकदा मान्य केलं की फोनचं कारण तिथेच मिळालं! ज्यांचं प्रकरण चालू आहे ती माणसं रात्री-बेरात्री तासतास बोलणारच, नवरा झोपल्यावरच बोलणार, चॅट डिलीट करणार, दुसरं सिम ठेवणार, आणि पोलिसांनी पहिल्यांदा विचारलं की 'मी नाही ओळखत त्याला' असं धडधडीत खोटं सांगणार. हे सगळं खून न करताही होतं. म्हणजे जे लफडं तुम्ही खुनाचा हेतू म्हणून दाखवता तेच त्या कॉलचा साधा खुलासापण करतं, आणि हे एकाही बातमीत आलेलं नाही.

मग त्या रात्रीच्या कॉलला अर्थ कधी येतो? तर आधीचे कॉल बघितल्यावर. दोघं गेले सहा महिने रोज रात्री बोलत असतील तर त्या रात्रीचा कॉल म्हणजे नेहमीचीच गोष्ट. उलट कधी दहा मिनिटांच्या आत फोन न ठेवणारी दोन माणसं त्याच रात्री दर पंधरा मिनिटांनी वीस-वीस सेकंद बोलली असतील तर मात्र माझेही कान टवकारतील. सेकंदांचा कॉलम असतो तो यासाठीच. पण चार्जशीटला बऱ्याचदा घटनेच्या आसपासच्या चार दिवसांचाच उतारा जोडतात, आधीचं कोणी मागवलंच नाही तर ते नंतर मिळतही नाही, कारण कंपन्यांना रेकॉर्ड ठेवायचं बंधन २०२१ च्या बदलानंतरही दोन वर्षांचंच आहे आणि खून खटला साक्षीला येईपर्यंत दोन वर्षं कधी गेली ते कळत पण नाही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपन्यांना सांगितलंय की तपासात जप्त झालेल्या काळाचे रेकॉर्ड वेगळे सांभाळून ठेवा, पण जे कोणी मागितलंच नाही ते कोण सांभाळणार.

हा २०२० चा निकाल आपल्याच जालन्याचा, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. भांडण निवडणुकीचं, उमेदवारी अर्ज तीनच्या आत भरला की नंतर यावरून, पुरावा व्हिडिओ फुटेजचा. पण त्यातून ठरलं ते देशभरच्या खून खटल्यांना लागू झालं, की रेकॉर्ड ज्यात आहे ते मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५ ब चं सर्टिफिकेट (हा रेकॉर्ड अमुक यंत्रातून असा निघालाय असं लेखी) पाहिजेच. त्याआधी २००५ मध्ये संसद हल्ल्याच्या खटल्यात सर्टिफिकेट नसताना सीडीआर चालले होते, २०१४ मध्ये कोर्टाने ते चूक ठरवलं, २०१८ मध्ये पुन्हा थोडी ढील दिली, म्हणजे वकिलांचाही गोंधळ होता. आता १ जुलै २०२४ पासून नवीन साक्ष कायद्यात कलम ६३ आलंय, सर्टिफिकेटचे दोन भाग झालेत, दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही, आणि फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईलवरून काढलेला बोटाच्या ठशासारखा कोड) लिहायची, म्हणजे नंतर कोणी एक आकडा जरी बदलला तरी पकडलं जाईल. चांगलंच आहे. पण ह्याची दुसरी बाजू पण आहे, तपास अधिकाऱ्याने सर्टिफिकेट नीट घेतलं नाही तर सरळ सरळ खरा असलेला सीडीआर बाद होऊ शकतो आणि खुनी सुटू शकतो. मग तुम्ही लिहिणार 'तांत्रिक कारणावरून सुटका' आणि लोक शिव्या घालणार जजला.

तुमच्या बातमीत एका ऑडिओ क्लिपचाही उल्लेख आहे, व्हायरल झालेली, ज्यात म्हणे बायको 'आता ह्याचं काहीतरी कर' असं म्हणते. क्लिप मी ऐकलेली नाही आणि ऐकायचीही नाही. पण आवाज कोणाचा हे ठरल्याशिवाय, मूळ फोन जप्त होऊन त्यात ती फाईल सापडल्याशिवाय, मागचं-पुढचं काही कापलं नाही हे कळल्याशिवाय त्या वाक्याला काय किंमत आहे? आवाजाचा नमुना द्यायला मॅजिस्ट्रेट लावू शकतात हे २०१९ पासून स्पष्ट आहे, मग तो घेतला का, लॅबचा रिपोर्ट आला का, हे विचारा की. आणि 'काहीतरी कर' म्हणजे घटस्फोटाचं बघ, पैशाचं बघ, कायपण असू शकतं, बायका नवऱ्याबद्दल आणि नवरे बायकोबद्दल फोनवर काय काय बोलतात ते सगळं खुनाच्या कटात धरायचं म्हटलं तर जेल पुरणार नाहीत.

पुण्याची शरद बिर्धीचंद सारडा केस जुन्या वाचकांना आठवत असेल. १९८२, लग्नाला चार महिने होत नाहीत तर बायको विषाने गेली, नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी संबंध असल्याचा आरोप, पुराव्यात फोन नाही पण तिने लिहिलेली पत्रं. सेशन्स कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने कायम केली, आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सोडलं, कारण आत्महत्येची शक्यता पुसली जात नव्हती. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी पाहिजे त्याची पाच तत्त्वं त्या निकालात आहेत, वकील त्याला पंचशील म्हणतात. दोषी 'असू शकतो' यावर शिक्षा नाही, 'असलाच पाहिजे' इथपर्यंत पोचायला लागतं. फाशीपासून सुटका, इतकं अंतर दोन कोर्टांत पडू शकतं, तर आपण मथळ्यात कशाला एवढी घाई करायची.

आणि विवाहबाह्य संबंध हा २०१८ पासून गुन्हा राहिलेला नाही, घटस्फोटाचं कारण आहे, नैतिकतेचं ज्याचं त्याने बघावं. तरी बातम्यांत बाईचा फोटो मोठा, तिचे इन्स्टाग्रामवरचे रील, शेजारीण काय म्हणाली, आणि मेलेल्या माणसाबद्दल दोन ओळी. त्याची आई रोज कोर्टात येऊन बसते असं तुमच्याच वार्ताहराने एकदा लिहिलं होतं, तेवढी एक ओळ मला बरी वाटली.

विनंती एवढीच आहे की उलटतपासणी असेल त्या दिवशी पण वार्ताहर पाठवा आणि सरतपासणीला (साक्षीदार ज्या बाजूचा त्याच बाजूच्या वकिलाच्या प्रश्नांना) जेवढी जागा देता तेवढी तिलाही द्या. कंपनीच्या माणसाची साक्ष असेल तेव्हा तीन गोष्टी विचारून घ्या, किती महिन्यांचा सीडीआर दाखल झालाय, सिम कोणाच्या नावावर आहे, सर्टिफिकेटवर सही कोणाची आहे. नोडल ऑफिसरची साक्ष बहुतेक वेळा लंचच्या आत उरकते, वार्ताहराचा फार वेळ जाणार नाही.

आपला,
एक जुना वाचक