बाबा, आंबेमोहराचं बी राखून ठेवा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलताना निम्मं राहून जातं, म्हणून लिहितेय. गेल्या रविवारी मी इथे जपानात कोबेला, साके बनवतात तिथे गेले होते. साके म्हणजे तांदळाची दारू. ती कशी होते ते हिंडून दाखवतात आणि शेवटी चाखायला देतात. मी चाखली. आई, तुझ्यापासून हे लपवायचं नव्हतं. गावातलं दुकान बंद व्हावं म्हणून तू दारोदार हिंडलीस, मतदानाच्या दिवशी वाडीतल्या एकेका बाईला घराबाहेर काढून आडव्या बाटलीवर शिक्का मारायला नेलंस. त्यामागे कुणाकुणाचे मोडलेले संसार होते ते मला ठाऊक आहे. तसं मतदान उद्या पुन्हा झालं तर मी तुझ्या शेजारीच उभी असेन. इथे मी घोट घोट तोंडात घोळवून पाहिली आणि उरलेली ओतून दिली. त्यासाठी त्यांनीच भांडं ठेवलेलं असतं. बाबांच्या गळ्यात माळ आहे, त्यांना चवीचं काय सांगायचं? पण चवीच्या आधी जे पाहिलं ते त्यांनाच सांगायचं आहे, कारण ते सगळं भातशेतीचं होतं.

ओसाकाहून आगगाडीनं थोडं पुढे गेलं की रोक्को डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत नाडा लागतं. साकेची ही जुनी पाच गावं. साऱ्या जपानातल्या साकेपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एवढ्याशा पट्टीत तयार होतो. थंडीत डोंगरावरून झोंबरं वारं उतरतं, ते कामाला उपयोगी पडतं म्हणून पूर्वी लाकडी कोठारं वाऱ्याकडे तोंड करून बांधायचे. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात त्यातली कितीतरी कोसळली. काही घराण्यांनी पुन्हा उभारली, काहींचा धंदा तिथेच संपला. आधी मी हाकुत्सुरू या १७४३ सालापासूनच्या घराण्याचं संग्रहालय पाहिलं. तिथे जुन्या कोठारात माणसाएवढे पुतळे करून सगळी कामं मांडली आहेत. मग तिथून चालत एका लहान कारखान्यात गेले. येण्याआधी नात्तो खाऊ नका असं त्यांनी कळवलं होतं. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. त्यातले जंतू भारी चिवट, ते आत गेले तर साकेसाठी तांदळावर मुद्दाम वाढवलेली बुरशी बिघडते.

माहिती देणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच माझ्या तळहातावर तीन तऱ्हेचे दाणे ठेवले. पहिला नुसतं तूस काढलेला. दुसरा तीस टक्के घासलेला. तिसरा निम्मा घासलेला, इवलासा, गोल, पांढराफेक. आपल्या गिरणीत पांढरा तांदूळ करताना दाण्याचा दहावा हिस्सा कोंड्यात जातो. इथे चाळीस टक्के काढून टाकला तर त्या साकेला गिंजो म्हणता येतं, निम्मा काढला तर दाइगिंजो. निम्म्यावर आणायला दोन-दोन दिवस यंत्र चालतं, कारण घाई केली की दाणा तापतो आणि तडकतो. बाबा, खळ्यात सांडलेला दाणासुद्धा तुम्ही वेचून घेता, त्यामुळे मला ते बघवेना. मी विचारलंच, एवढा तांदूळ वाया? तर नाही, आतून निघालेल्या पांढऱ्या पिठाच्या तांदळाच्या चकत्या भाजतात आणि वरचा कोंडा जनावरांना घालतात. दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रथिनं आणि तेल असतं, त्यानं चव जड होते. त्यांना हवं असतं ते मधलं पिष्ट.

हा तांदूळही वेगळा. नाव यामादानिशिकी. दाण्याच्या पोटात पांढरा ठिपका असतो. आपल्याकडे असा दाणा दिसला की व्यापारी नाक मुरडून भाव पाडतो. इथे त्या ठिपक्यालाच मोल, कारण तिथे पिष्ट सैल असतं आणि बुरशीचे तंतू आतपर्यंत पोचतात. इथल्या ह्योगो प्रांताच्या शेती केंद्रानं १९२३ साली दोन वाणांचा संकर केला आणि १९३६ साली त्याला हे नाव दिलं. ऐकताना मला आपल्या शेजारचं वडगाव मावळचं भात संशोधन केंद्र आठवलं. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी तिथेच तयार झाली आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आली. इंद्रायणीनं उतारा वाढवला, आपल्या घरी चार पैसे आले, मी त्यावरच शिकले. पण यामादानिशिकी सगळ्या बाबतीत आंबेमोहराच्या वळणाची आहे. उंच वाढते, उशिरा तयार होते, उतारा कमी, आणि कापणीच्या तोंडावर वारा-पाऊस झाला की आडवी पडते. बाबा, तुम्ही गेल्या फोनवर आंबेमोहराबद्दल हेच सगळं सांगून म्हणालात ना, की यंदा सगळ्या खाचरांत इंद्रायणीच लावतो? त्यावर मी नुसतं हं म्हटलं होतं.

आतलं काम बघून मी फार वेळ गप्प होते. धुतलेला तांदूळ किती वेळ भिजवायचा ते घड्याळ लावून सेकंदांत मोजतात. तो शिजवत नाहीत, वाफवतात, म्हणजे बाहेरून सुटा राहतो आणि आत मऊ होतो. मग तो एका लाकडी खोलीत नेऊन पसरतात आणि वरून बुरशीची हिरवट पूड चाळतात. बाहेर कडाक्याची थंडी आणि त्या खोलीत घाम फुटेल इतकी ऊब. माणसं दोन दिवस, रात्रीसुद्धा उठून, तो तांदूळ हातानं मोकळा करत राहतात. बुरशी वाढताना तांदूळ स्वतःच तापतो. कमी तापला तर बुरशी खुंटते, जास्त तापला तर मरते. काचेतून आम्ही बघत होतो. एक म्हातारा कामगार थर्मामीटर हातात असूनही आधी तळहात खुपसून बघत होता आणि मग आकडा वाचत होता. या तयार तांदळाला कोजी म्हणतात. द्राक्षात साखर असतेच, तांदळात नसते. कोजी पिष्टाची साखर करते आणि त्याच टाकीत, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेची दारू करतं. दोन्हींचा वेग जुळायला हवा, म्हणून तांदूळ, कोजी आणि पाणी एकदम न घालता चार दिवसांत तीन वेळा वाढवत घालतात आणि दुसरा दिवस नुसता विश्रांतीचा ठेवतात. पुढे तीन-चार आठवडे थंडीत ते हळूहळू बुडबुडत राहतं. कोजीच्या या विद्येला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली.

आणि ही विद्या सांभाळली कुणी? शेतकऱ्यांनी! कारखान्याच्या मुख्य कारागिराला तोजी म्हणतात. नाडाचे तोजी आणि त्यांच्या हाताखालची माणसं डोंगरापलीकडच्या तान्बा भागातून यायची. भात कापून झालं, शेतावर बर्फ पडायला लागलं, की गावातले पुरुष थंडीभर इथे राबायचे आणि वसंतात लावणीला परत जायचे. शंभर दिवसांची कमाई म्हणायचे तिला. सोबत घड्याळ नसायचं, म्हणून गाणी म्हणत म्हणत घुसळायचे आणि किती वेळ झाला ते गाण्यावरून ओळखायचे. माहिती देणाऱ्या बाईंचे वडील त्यातलेच. त्या म्हणाल्या, लहानपणी थंडीत वडील घरी असल्याचं त्यांना आठवतच नाही. मला आपले आजोबा आठवले. मुंबईत डबे पोचवायचे आणि लावणीला रजा काढून यायचे. पूर्वी बायकांना या कोठारांत पाऊलही टाकू देत नसत. आता काही ठिकाणी तोजीच बाई आहे. आई, हे ऐकून तुला बरं वाटेल.

पाण्याचीही एक गोष्ट सांगतात. यामामुरा ताझाएमोन नावाच्या मालकाचे दोन गावांत कारखाने होते आणि त्यातल्या निशिनोमियाची साके नेहमी सरस उतरायची. त्यानं तांदूळ बदलून पाहिला, माणसं बदलून पाहिली, फरक पडेना. शेवटी १८४० च्या सुमारास निशिनोमियाच्या विहिरीचं पाणीच दुसऱ्या गावी वाहून नेलं, तेव्हा उलगडा झाला. त्या पाण्यात लोह जवळजवळ नाही आणि यीस्टला लागणारे क्षार भरपूर. मग दुसरे मालकही बैलगाड्या लावून तेच पाणी नेऊ लागले.

चाखायला पांढरे पेले होते, तळाशी दोन निळी वर्तुळं. निळ्यावरून साकेचा स्वच्छपणा कळतो आणि पांढऱ्यावरून रंग. प्रत्येक पेल्याबरोबर पाण्याचा ग्लास ठेवतात आणि पाणी प्या, पाणी प्या असं सारखं सांगतात. गाडी चालवत आलेल्यांना एक थेंबही देत नाहीत. दिला तर देणाराही कायद्यात अडकतो. आई, हा कायदा मला फार आवडला. दाइगिंजो नाकाशी नेली तर चक्क सफरचंद आणि केळ्याचा वास, आणि तिथे कुठलंही फळ घातलेलं नसतं. सगळे तिचंच कौतुक करत होते. मला मात्र तिच्यात तांदूळ सापडेना. कमी घासलेल्या तांदळाची साधी साके त्यांनी पंचेचाळीस अंशांपर्यंत कोमट करून दिली, तिच्यात तो होता. तोंडात घोळवून नाकानं श्वास सोडला आणि शिजत्या भाताच्या वाफेचा वास आला. ज्यांना दारू चालत नाही त्यांच्यासाठी कोजीचंच आमाझाके ठेवलं होतं. त्यात दारू नसते, साखरही घालत नाहीत, तरी पातळ केलेल्या तांदळाच्या खिरीसारखं गोड लागतं. ते मी दोनदा मागून घेतलं.

बाबा, आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. इतका त्रासाचा वाण नव्वद वर्षं शेतात कसा टिकला, असं मी त्या बाईंना विचारलं. त्यांनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. त्यावर मिकी आणि कातो या भागांतली गावं एकेक करून नोंदलेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून नाडाचे कारखाने त्यातल्या ठरावीक गावांशी करार करत आले आहेत. या गावाचा तांदूळ या कारखान्याला, दरवर्षी. गावंही माती आणि डोंगराच्या उतारानुसार प्रतवारी लावलेली, आणि उत्तम प्रतीच्या गावाच्या तांदळाला भावही तसा. बी मिसळू नये म्हणून मूळ बियाणं प्रांताचं सरकार स्वतः राखतं. म्हणजे भात आडवं पडणार हे घेणाऱ्यालाही माहीत असतं आणि तरी तो पाठ फिरवत नाही. सगळं सुखाचं आहे असं नाही. उन्हाळे तापायला लागलेत, दाणा भरताना उष्मा झाला की तांदूळ टाकीत नीट विरघळत नाही. गेल्या एक-दोन वर्षांत जेवणाच्या तांदळाचे भाव इतके चढले की काही शेतकरी साकेचं भात सोडून तेच लावू लागले. तेव्हा कारखान्यांना जास्त भाव मोजावा लागला, आणि तो त्यांनी मोजला.

आपल्या मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याचा आपल्याला काय उपयोग झाला? पुण्याच्या बाजारात आंबेमोहर म्हणून भलताच तांदूळ खपतो आणि तुमचा खरा आंबेमोहर व्यापारी इंद्रायणीच्या भावात मागतो. तुम्ही कंटाळलात त्यात तुमचं काही चुकलं नाही. मजूर मिळत नाहीत, गुडघे दुखतात, आणि रस्त्याकडेच्या खाचरासाठी एजंट दर महिन्याला दारात येतो. पण बाबा, तो सुवास दुसऱ्या मातीत तसा येत नाही असं तुम्हीच मला सांगत आलात.

माझं म्हणणं एवढंच आहे. विहिरीजवळच्या दोन खाचरांत यंदा आंबेमोहरच लावा. लावणी-कापणीची मजुरी मी देते. कोथरूडच्या माझ्या मैत्रिणींशी बोलले आहे. पाच घरं वर्षाचा तांदूळ आपल्याकडूनच घ्यायला तयार आहेत, भाव तुम्ही सांगाल तो, आणि भात पडलं, उतारा घटला तरी त्यांनी पुढच्या वर्षी पाठ फिरवायची नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. पिशवीवर आपल्या वाडीचं आणि तुमचं नाव घालू. आई, हिशेब तू ठेव, बचत गटाचा ठेवतेस तसा.

बी वेगळं ठेवा, इंद्रायणीत मिसळू देऊ नका. राब भाजायला घ्याल तेव्हा त्याच्यासाठी बाजूला वाफा धरा. मी मे महिन्यात येतेय, तोवर एजंटला काहीही कबूल करू नका. मजुरीचे पैसे एप्रिलच्या पगारातून आईच्या खात्यावर टाकते. आणि बाबा, गुडघ्याचा एक्स-रे अजून काढला नसेल तर या आठवड्यात पौडला जाऊन काढून घ्या, पावती मला पाठवा.

तुमची,
मनी