मनूचे चार क्लास, छोटूचा एकही नाही

ती. आई व ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

दादाच्या मनूला चार-चार क्लास आणि तिचा धाकटा भाऊ छोटू उंबरा ओलांडायला तयार नाही, याला काय करावं, असं तुम्ही विचारलंत. दादा-वहिनी दुकानातून यायला रात्रीचे नऊ होतात, म्हणजे ने-आण तुमच्याच गळ्यात. म्हणून सविस्तर लिहिते. आईला काळजी छोटूची आहे, पण मला आत्ता मनूची जास्त वाटते. तेव्हा आधी तिचं.

तिचा आठवडा एकदा कागदावर मांडा. सोमवार ते शुक्रवार रोज तासभर पोहणं म्हणजे पाच तास. फुटबॉल तीन दिवस दीड-दीड तास म्हणजे साडेचार. मर्दानी खेळ तीन दिवस तासभर. बेरीज साडेबारा तास, आणि रविवारी सामना असला तर तो वेगळाच. मुलांच्या खेळातल्या दुखापती बघणारे डॉक्टर एक सोपा हिशोब सांगतात: मुलाच्या वयाची जितकी वर्षं, त्यापेक्षा जास्त तास आठवड्याला क्लबमधला सराव नको, आणि एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी. मनू अकराची आहे. ती दमल्याचं सांगणार नाही, कारण हौशी पोरांना दमणूक कळतच नाही. ती दिसते ती चिडचिडीत, उशिरा लागणाऱ्या झोपेत आणि सारख्या होणाऱ्या सर्दीत.

झोपेचा हिशोब तर आणखी कडक आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. सातच्या शाळेसाठी तिला पावणेसहाला उठवता, म्हणजे नऊ तास भरायला पावणेनऊला पाठ टेकायला हवी. मंगळवारी-गुरुवारी तबल्याचा क्लास सुटतो साडेआठला. मग जेवण कधी, गृहपाठ कधी? तबला बंद करू नका, वार बदलून मागा. शनिवार दुपार आणि रविवार सकाळ मिळाली तर उत्तम. घरी रियाज रोज वीस मिनिटं पुरे, पण रोज. रविवारी एकदम दोन तास बसवलं तर बोटं आखडतात आणि चुकीचाच हात पक्का होतो. पावसाळ्यात दमट हवेने पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, उतरते आणि तबला ढब् वाजतो, तेव्हा पोरीचा हात बिघडला असं समजू नका. सरांकडून सुरात लावून घ्या आणि तबला जाड गवसणीत ठेवा, ओल्या भिंतीपासून लांब.

बाकीच्या तिन्हींपैकी काहीही कायमचं सोडायची गरज नाही, ऋतू वाटून द्या. आपल्या कोल्हापुरात जून ते सप्टेंबर मैदानांचा चिखल होतो आणि फुटबॉलचा सराव तसाही निम्मा बुडतो. फी मात्र पूर्ण जाते. त्या चार महिन्यांत हॉलमधले मर्दानी खेळ चालू ठेवा. दसरा-दिवाळीनंतर शाहू स्टेडियमवर हंगामाचं वारं वाहू लागलं, पेठा-पेठांचे झेंडे निघाले, की फुटबॉल तीन दिवस आणि मर्दानी खेळ दोन दिवस, म्हणजे साडेसहा तास. पोहणं मार्च ते मे, तेव्हा फुटबॉल एका दिवसावर आणा. मे महिन्यात तलावावर इतकी गर्दी होते की तासात पोराच्या वाट्याला धड दहा मिनिटं पोहणं येत नाही, म्हणून मार्चमध्येच नाव घाला.

"यातलं काय सोडतेस?" असं तिला विचारू नका, ती रडेल. "आधी काय आणि नंतर काय?" असं विचारा आणि कॅलेंडरवर तिच्याच हाताने लिहून घ्या. आणखी एक. नवं सुरू करण्याची हौस वेगळी आणि शिकण्याची हौस वेगळी. पहिल्या महिन्यात सगळंच गोड लागतं. तिसऱ्या महिन्यात कुणी न सांगता ती कशाला हात लावते ते बघा, तेच तिचं खरं. मधूनच नेमबाजीचं खूळ निघालं तरी लगेच नाव घालू नका. 2024 ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं ब्राँझ आणल्यावर आपल्याकडच्या निम्म्या पोरांना रायफल हवी झाली. त्यात वाईट काही नाही, फक्त वर्षभर थांबून बघा, तेव्हाही मागते का.

टाच दुखते म्हणतेस ना तिची, आई, त्याला तेल चोळून भागणार नाही. या वयात टाचेच्या हाडाची वाढीची जागा अजून कच्ची असते आणि पोटरीची शीर तिला ओढत राहते. धावणं-उड्या वाढल्या की तिथे दुखतं. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून बघ. तिथेच कळ आली तर बहुतेक हेच. धावायचे तास दोन-तीन आठवडे निम्मे करायचे, खेळून आल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं लावायचा, बुटात टाचेखाली मऊ पॅड घालायचं आणि भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण रोज द्यायचा, तीस सेकंदांचा, तीन वेळा. पोहणं तेवढ्यात चालेल. सूज आली, रात्री झोपेतून दुखून उठली, साधं चालतानाही लंगडली किंवा तीन आठवड्यांत उतार पडला नाही, तर हाडाच्या डॉक्टरांकडे न्या.

खाण्याचं थोडक्यात. पोटभर जेवण आणि खेळ यांत दोन तास जाऊ देत. निघायच्या अर्ध्या तासापूर्वी केळं किंवा शेंगदाण्याचा एक लाडू. मैदानावर दर वीस मिनिटांनी अर्धा-पाऊण पेला पाणी, तहान लागायची वाट न बघता. कोपऱ्यावरचा वडा येताना, जाताना नाही!

आता छोटू. बाबा, तुमचं मन तालमीत आहे हे मला माहीत आहे. शाहू महाराजांनी 1912 ला खासबाग कुस्ती मैदान उभं केलं त्या गावात आपल्या नातवाने कुस्तीच्या मातीच्या हौदात उतरू नये, हे तुम्हाला पटत नाही. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं पदक घेतलं ते याच मातीत तयार होऊन, हेही तुम्ही त्याला ऐकवता. तो ऐकतो आणि आत जाऊन बसतो. आठ वर्षांच्या बुजऱ्या पोरासाठी तालमीचं दार सगळ्यांत अवघड आहे. अंधारात उठायचं, लंगोट लावून अनोळखी लोकांसमोर उभं राहायचं, अनोळखी अंगाशी झटायचं आणि भोवती थोरले पैलवान बघत असतात. मनूला असं बघणारे लोक लागतात. त्याला तेच नकोत. एका आईची पोरं असून इतका फरक कसा, असं वाटतं, पण घरोघरी हेच आहे.

अमेरिकेतल्या अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवरा-बायकोने 1956 पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचे स्वभाव अगदी तान्हेपणापासून वर्षानुवर्षं टिपले. साधारण 15 टक्के मुलं त्यांना अशी दिसली की नव्या गोष्टीपासून आधी मागे सरतात आणि ढकललं नाही तर हळूहळू पुढे येतात. हा भित्रेपणा नाही आणि आळसही नाही. त्यांना वेळ जास्त लागतो, एवढंच.

पण छोटू त्यांतलाच आहे, की त्याला खरंच आवड नाही, की काही खुपतंय, हे आधी ओळखा. कुंपणापाशी उभा राहून टक लावून बघतो आणि घरी येऊन गॅलरीत तेच करून पाहतो, तर तो वेळ घेणारा. बघतच नाही, मातीत काडीने रेघोट्या मारत बसतो, तर आवड नाही. आणि क्लासच्या दिवशीच पोट दुखतं, रविवारी दुखत नाही, तर काहीतरी खुपतंय. कुणी चिडवतं का, सर ओरडतात का, हे झोपायच्या वेळी अंधारात विचारा. समोरासमोर बसवून विचारलंत तर काही सांगणार नाही. डोळे तपासून घ्या. चेंडू येताना नीट दिसत नसेल तर कुठलंही पोर मैदान टाळेल, आणि चष्मा लागायला बऱ्याचदा याच वयात सुरुवात होते. आणखी एक कारण मोठ्यांच्या ध्यानातच येत नाही: मैदानावरचं संडास. ते घाण असेल किंवा नसेलच, तर पोर खेळाला नाही म्हणतं, पण खरं कारण लाजेपायी सांगत नाही. जाऊन स्वतः बघून या.

तो वेळ घेणाराच निघाला तर मैदान आधी रिकामं असताना दाखवा. बाबा, तालीमच दाखवायची असेल तर दुपारी, हौदात कुणी नसताना, वस्तादांना विचारून न्या. माती हातात घेऊ दे, त्यात हळद, तेल, ताक, लिंबू का घालतात ते सांगा, आणि परत या. पुढच्या वेळी चालू सराव बाहेरून वीस मिनिटं, "खेळतोस का?" हा प्रश्न न विचारता. मग वस्ताद किंवा सर यांची नावानिशी ओळख. मग सरावाची शेवटची पंधरा मिनिटंच आत, आणि ती जमली की पूर्ण तास. एका पायरीवर आठवडा लागला तरी लागू दे. पूर्ण तास सुरू झाला की दहा मिनिटं आधी पोहोचा. अशा पोराला उशीर हा मोठा घात असतो, कारण जमलेल्या घोळक्यात शिरणंच त्याला सगळ्यांत जड जातं. आधी पोचलं की तो तिथलाच होतो आणि बाकीचे त्याच्याकडे येतात. गल्लीतला ओळखीचा एक मित्र बरोबर असला तर निम्मं काम झालं.

तालमीत गेलाच कधी, तर टॉवेल आणि लंगोट स्वतःचा, नखं कापलेली, आणि बाहेर आल्या आल्या साबणाने अंघोळ. नायटा दुसऱ्याच्या टॉवेलानेही पसरतो आणि ओल्या लंगोटात वाढतो.

दोघांना एकाच बॅचला घालायचा बेत मात्र सोडा. एका रिक्षात काम होतं आणि आईचे गुडघे वाचतात, हे खरं. पण तिथे तो पहिल्या दिवसापासून "मनूचा भाऊ" होतो आणि सर त्याला तिच्या मापाने मोजतात. धाकटी पोरं अशा वेळी बऱ्याचदा मैदानच सोडून देतात, कारण न खेळणाऱ्याला कुणी हरवू शकत नाही. खेळ वेगळा ठेवा, निदान बॅच तरी वेगळी. मनूच्या फुटबॉलला त्याला न्यावंच लागलं तर कडेला त्याचा स्वतःचा चेंडू असू दे, चार नंबरचा. दुकानदार पाच नंबरचा देतो, "पुढे उपयोगी पडेल" म्हणतो. तो सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरतो, आठ वर्षांच्या पायाला जड होतो आणि दोन लाथांत पोराला वाटतं की हे आपलं काम नव्हे.

आणि आवडच नाही असं निघालं, तर कुठलाच क्लास नको. शरीराला दिवसाला तासभर दम लागेल असं हालणं हवं, आणि ते क्लबातच व्हावं असं नाही. गल्लीत सायकल, लगोरी, रंकाळ्यावर बाबांबरोबर भरभर चालणं, सगळं धरायचं. पोहणं तेवढं मी सोडणार नाही, कारण पंचगंगेच्या गावात ते जिवाचं काम आहे. पण तेही कमी गर्दीच्या वेळी. कमरेएवढ्या पाण्यात तोंड बुडवून फुगे काढायचे, मग कठडा धरून पाय मारायचे, मग कुणीतरी पाठीखाली हात धरून तरंगायला शिकवायचं. "ढकला आत, आपोआप शिकतंय" म्हणणारा प्रशिक्षक असेल तर तिथून परत या. त्या एका धक्क्यापायी पोर पुढची दोन वर्षं पाण्याकडे फिरकत नाही.

पैशांचं आई म्हणाली, की एकीवर एवढा खर्च आणि दुसऱ्यावर काहीच नाही, बरं दिसत नाही. फी सारखी करायला त्याला क्लास लावू नका. वेळ सारखा करा. मनूच्या मागे तुमचे रोज दोन तास जातात, त्यातला अर्धा तास एकट्या छोटूचा ठेवा आणि त्यात काय करायचं ते त्याला ठरवू दे. शोकेसमधली मनूची मेडल तिच्या खोलीत हलवा. हल्ली नुसतं हजर राहिल्याचंही मेडल मिळतं, त्याची आरास जाणाऱ्या-येणाऱ्याला कशाला? पाहुण्यांसमोर "ही आमची हुशार, हा जरा शांत" हे वाक्य तर बंदच करा. दोघंही ते ऐकतात आणि दोघंही तसेच वागू लागतात.

क्लास कुठलाही असो, आधी सहा-आठ वेळा जाऊन बघायचं आणि त्यानंतरच हो-नाही, हे पोरांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. हरल्या दिवशी किंवा ओरडा खाल्ल्या दिवशी सोडायचा निर्णय घ्यायचा नाही, भरलेला महिना पुरा करायचा. म्हणूनच वर्षाची फी एकदम भरू नका, सवलत कितीही दाखवू देत. महिन्याची भरा आणि पावती घ्या.

गणपतीला येते, तेव्हा मनूचं कॅलेंडर बघेन. तोवर छोटूला तालमीबद्दल कुणीही काही विचारायचं नाही, बाबा, तुम्हीसुद्धा.

तुमची लेक

ता. क. मनूचे फुटबॉलचे बूट वाढत्या मापाचे घेऊ नका. अंगठ्यापुढे एक सेंटिमीटर जागा पुरे. त्याहून मोठे घेतले की टाच आत सरकते, फोड येतात आणि पोर वळताना पडतं. खेळायचे मोजे घालून, संध्याकाळी माप घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो.