सोडालाइम रोज नवीन भर

मिरज, रविवार

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

परवा "आई, तुला नाही कळायचं" म्हणालास आणि अण्णांनी माझ्या हातातला फोनच काढून घेतला. म्हणून लिहितेय. अंदमानला डायव्हिंगसाठी निघालास तेव्हा आत्या बोलली, मी नाही.

पण रीब्रीदरचं, म्हणजे सोडलेला श्वास शुद्ध करून परत घ्यायच्या तुझ्या त्या यंत्राचं, मला कळतं रे. ऑपरेशन थिएटरमध्येच जन्म गेला माझा. पेशंटचा उच्छ्वास सोडालाइमच्या, म्हणजे चुन्याच्या दाण्यांच्या, डब्यातून फिरवायचा, कार्बन डायऑक्साइड तिथे अडकतो, वर ताजा गॅस द्यायचा. तुमच्याकडे तेच. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, बारीक छिद्रातून ठरल्या दराने येत राहतो, जास्तीचा व्हॉल्व्हमधून बाहेर जातो. बुडबुडे कमी, सिलेंडर पुरवठ्याला येतो, सगळं मान्य.

पण ५० टक्के ऑक्सिजनचा गॅस मिनिटाला ७ लिटर येतोय आणि तू लिटरभर ऑक्सिजन घेतोयस, तर श्वासाच्या पिशवीत ४२ टक्के उरतो. प्रवाहाविरुद्ध पाय मारलेस, अडीच लिटर लागला, की २२! छिद्र तुंबलं तर आणखी खाली. आणि धाप लागत नाही. धाप लागते कार्बन डायऑक्साइड साठला की, तो तर सोडालाइमने खाल्लेला. माणूस बोलता बोलता बेशुद्ध. टेबलावरच्या पेशंटच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप असते, डोक्याशी भूलतज्ज्ञ असतात. तुझ्या डोक्याशी कोण?

प्रत्येक वेळी उतरण्याआधी फ्लो मोजायचाच... लागले बघ शिकवायला. रागावू नकोस.

सोडालाइमचं मात्र ऐक. रंगावर जाऊ नकोस. आमच्याकडे संध्याकाळी जांभळे झालेले दाणे सकाळी पांढरेशुभ्र दिसायचे, नव्या सिस्टर हमखास फसायच्या. डबा ठोकून ठोकून भर, पोकळी राहिली की श्वास तिथूनच निसटतो.

कृष्णाघाटावर अण्णांनी तुझ्या पाठीला डबा बांधला होता. तू तो सोडून पलीकडे गेलास, मी काठावर ओरडतेय आणि हे हसतायत. आता तुझे पाण्याखालचे फोटो गल्लीभर दाखवत फिरतात. मीही दाखवते, खोटं कशाला बोलू.

वर येण्याआधी पिशवी ताज्या गॅसने धुऊन घ्यायची असते ना? वर दाब कमी होतो, ऑक्सिजन तिथेच दगा देतो. तुमच्या डायव्हिंगच्या सरांना नीट विचार.

तुझी,
आई

ता. क. भडंग पाठवलंय. बेलआउटचा, म्हणजे अडीअडचणीचा, सिलेंडर कुणाला उसना देऊ नकोस, तुझा स्वभाव मला माहितीये.