खरा आकडा सांगायला लावल्याबद्दल

माननीय मॅडम,

सविनय नमस्कार.

आपले नाव कुठेही लिहू नये असे आपण बजावले होते, म्हणून ते या पत्रात घेतलेले नाही. मात्र मुंबईत आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे सध्या पुनर्विकासातल्या घराची किल्ली हातात घेऊन इंटिरियरवाल्यांचे उंबरे झिजवत आहेत. त्यांच्याही नजरेखालून हे जावे, या हेतूने आभाराचे हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

गेल्या जानेवारीत आपण इंटिरियर डिझायनर म्हणून मुलुंडच्या आमच्या रिकाम्या घरात पहिल्यांदा आलात, तेव्हा बसायला एक प्लास्टिकची खुर्ची होती आणि ती आपण माझ्या पत्नीला दिलीत. आपण बजेट विचारल्यावर मी आठ लाख सांगितले. बिल्डरकडून मिळालेला कॉर्पस, म्हणजे पुनर्विकासात सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम, आणि माझी एक मुदत ठेव मिळून आमच्याकडे बारा लाख होते. पण डिझायनरला जेवढे सांगावे तेवढे तो खर्च करवतो, म्हणून चार लाख झाकून ठेवावेत, असा सल्ला आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकाने दिला होता. आपण टेप गुंडाळत शांतपणे विचारलेत, "काका, हा आकडा मला दाखवायचा आहे की घरावर खर्चायचा आहे?" पत्नी हसली आणि तिनेच खरा आकडा सांगून टाकला. मला त्या क्षणी राग आला होता, हे आज कबूल करतो.

त्यानंतरचा दीड तास मी विसरणार नाही. बारापैकी १ लाख २० हजार आपण अचानक उद्भवणाऱ्या खर्चांसाठी आधीच बाजूला काढून ठेवायला लावलेत. उरलेल्या १० लाख ८० हजारांवर सगळीकडे १८ टक्के जीएसटी लागतो असे धरले, तर प्रत्यक्ष काम सुमारे ९ लाख १५ हजारांचेच होते, हा उलटा हिशेब आपण भिंतीवर पेन्सिलने मांडून दाखवलात. चौतीस वर्षे बँकेत काढूनही तो मला सुचला नव्हता, कारण कर हा बिलाच्या तळाशी येतो आणि माणूस वरचाच आकडा वाचतो.

आपल्या आधी आम्ही एका मोठ्या दुकानातून कोटेशन आणले होते आणि त्यातला 'साडेसात लाखांत सगळे' हा शब्दप्रयोग मला फार आवडला होता. आपण ते एकेक ओळ लावून वाचलेत. त्यात सहा फूट रुंदीचे कपाट सात फूट उंचीपर्यंत, म्हणजे समोरून ४२ चौरस फूट, मोजलेले होते. वरचा दोन फुटांचा लॉफ्ट, म्हणजे आणखी १२ चौरस फूट, वेगळा आकारला जाणार होता आणि ते कुठेही लिहिलेले नव्हते. इलेक्ट्रिकचे पॉइंट, डेब्रिज उचलणे, मालाची चढउतार, हँडल, यांपैकी काहीच त्यात नव्हते. प्लायवूडपुढे नुसते 'उत्तम दर्जाचे' असे लिहिले होते. सिंकखाली आयएस ७१० चे मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारे, प्लाय आणि बेडरूमच्या कपाटाला आयएस ३०३ चे सर्वसाधारण वापराचे, असे भारतीय मानकांचे क्रमांक घालून दर मागायला आपण शिकवलेत, त्यामुळे पुढच्या तीन कोटेशनांची निदान एकमेकांशी तुलना तरी करता आली.

फीबद्दल आपण स्वतःहून बोललात, याचे मला सर्वांत अधिक अप्रूप वाटले. एकूण खर्चाच्या टक्क्यांवर फी घेतली तर महागडी लादी सुचवताना आपलाही फायदा होतो, म्हणून आपण ठोक रक्कम घेता, आणि दुकानदार डिझायनरला कमिशन देतात ते बिलातच कमी करून घेता, असे आपण सांगितलेत. लोहार चाळीच्या बाजारात दिवे आणि स्विच घ्यायला तर आपण आम्हा दोघांनाच यादी देऊन पाठवलेत. दोन खेपा झाल्या आणि पाय दुखले, परंतु प्रत्येक वस्तूची किंमत आम्हाला तोंडपाठ झाली.

हॉलभर फॉल्स सीलिंग करण्याचा माझा हट्ट आपण मोडून काढलात. ते पैसे स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरच्या चॅनेल आणि बिजागऱ्यांकडे वळवण्यापूर्वी, दिवसातून कोणता कप्पा किती वेळा उघडला जातो ते पत्नीला एक आठवडा वहीत टिपून ठेवायला सांगितलेत. मसाल्याच्या कप्प्यापुढे एका दिवशी एकतीस रेघा होत्या. छताकडे मी दिवसातून किती वेळा पाहतो, हे मला कोणी विचारले नाही, ते बरेच झाले.

आईच्या सागवानी कपाटाविषयी मात्र वेगळे लिहिले पाहिजे. गिरगावच्या चाळीतून ते आमच्याबरोबर आले आणि नव्या घरात ते शोभणार नाही असे मुलांनी ठरवून टाकले होते. आपण त्याचे दार उघडून आतल्या फळ्यांवरून हात फिरवलात, मागची बाजू ठोकून पाहिलीत आणि असे लाकूड आज आमच्या बजेटमध्ये येणारच नाही, असे स्पष्ट सांगितलेत. आमच्या खोलीची मांडणी मग त्याच्या मापाने झाली आणि एका नव्या वॉर्डरोबचा खर्च वाचला.

राखीव रकमेचाही हिशेब देतो. गॅसची पाइपलाइन आराखड्यापेक्षा वेगळ्या जागी आल्यामुळे ओट्याखालची दारे बदलावी लागली, त्याला ३८ हजार गेले. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद ठेवण्याच्या सोसायटीच्या नियमामुळे सुतारांचे दिवस वाढले, त्याचे २२ हजार. कबुतरांची जाळी कोणाच्याच अंदाजपत्रकात नव्हती, तिला ११ हजार लागले. ४९ हजार शिल्लक आहेत. एका बाबतीत मी अजूनही आपल्याशी सहमत नाही: बाल्कनीची पांढरी लादी ही चूक होती आणि ती रोज पुसणारा मी आहे.

पावसाळी दमट हवेत पॉलिश पांढरट पडते, म्हणून आईच्या कपाटाचे काम आपण दसऱ्यानंतर करायला सांगितले आहे. शिलकीतून तेवढे करून घेऊ. ते झाले की पाहायला या. बसायला आता पुरेशा खुर्च्या आहेत.

आपला नम्र,
मुलुंड पूर्व येथील एक सेवानिवृत्त बँक कर्मचारी