ध्वनिशास्त्र परिषद: व्याख्याने व लघु अभ्यासवर्गांबाबत आठवण

सभासदहो, परिषदेच्या नोंदणीत सगळी व्याख्याने येतात, लघु अभ्यासवर्ग येत नाहीत. त्यांची नोंदणी वेगळी करायची आहे. दर वेळी कुणीतरी थेट वर्गाच्या दारात येऊन उभं राहतं, म्हणून आधीच सांगतो.

निनादावरच्या (आवाज थांबल्यावरही खोलीत घुमत राहतो, त्यावरच्या) वर्गाला येणाऱ्यांनी भौतिकशास्त्रज्ञ सेबाइनचं सूत्र चाळून यावं: निनादकाळ, म्हणजे ते घुमणं विरायला लागणारा वेळ, बरोबर ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण (खोलीतले पृष्ठभाग मिळून आवाज किती शोषतात ते). २०० घनमीटरची खोली आणि २० चौरस मीटर शोषण धरलं, तर उत्तर १.६१ सेकंद येतं. भाषणासाठी हे जास्तच. शब्दांची शेपटं पुढच्या शब्दांवर चढतात. १८९५च्या सुमारास हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात सेबाइनपुढे हीच अडचण होती आणि त्याने खुर्च्यांवरच्या गाद्या आणून मोजमापं घेतली. वर्गातही फुगा फोडून हेच मोजायचं आहे, तेव्हा दचकू नका.

ध्वनिपातळीमापक आणणाऱ्यांनी कॅलिब्रेटरही आणावा, म्हणजे मापक बरोबर दाखवतो का ते तपासायला ठरावीक आवाज देणारं उपकरण (९४ डेसिबल, १ किलोहर्ट्झ). मोबाइलमधल्या अ‍ॅपवर भिस्त नको.

व्याख्यानांना पाच मिनिटं आधी बसा. उशिरा सरकवलेली खुर्ची ध्वनिशास्त्रज्ञांना जरा जास्तच ऐकू येते.